आत्याच्या बंबातलं प्लास्टिक

गेल्या रविवारी सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात आत्याकडे गेले होते. सकाळी सातला परसात तांब्याचा बंब पेटलेला. त्या बंबाचा वास म्हणजे माझ्या लेखी शेणी आणि उसाचं पाचट. या वेळी मात्र घशात टोचेल असा करपट वास आला. जवळ गेले तर आत्या दुधाच्या रिकाम्या पिशव्यांच्या घड्या करून बंबाच्या नळीत सोडत होती. पिशवी जाळाला लागली की आक्रसायची, आणि तिचा पेटता थेंब टप्पकन खालच्या जाळीवर पडायचा. शेजारच्या पाटीत पुढचा माल तयार होता: गोळ्यांची रिकामी पाकिटं, मोटारीच्या हिरव्या पाईपचा हातभर तुकडा, नातवाची तुटकी चप्पल. आणि तो नातू, चार वर्षांचा, टॉवेल गुंडाळून बंबापासून तीन हातांवर उभा. अंघोळीची वाट बघत होता आणि खोकत होता.

"आत्या, हे काय टाकतीस बंबात?"

"अगं, जळण वाचतंय की. मोबाईलवर आलंय, असंच करायचं म्हणून. कचराबी संपतोय आणि पाणीबी तापतंय."

तो मेसेज मी तिथंच उभ्या उभ्या वाचला. 'पर्यावरणवाल्यांच्या थापा ओळखा' असा मथळा, खाली पाच मुद्दे, आणि शेवटी 'आपल्या माणसांना जागं करा'. दोन दिवसांत तोच मेसेज मला आणखी तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक शाळेतल्या मैत्रिणीकडून. ती शिकलेली आहे, म्हणून जास्त राग आला. पाचातले चार मुद्दे नुसते चुकीचे किंवा अर्धवट आहेत. एक मुद्दा मात्र माणसाला आजारी पाडेल. मेसेजमध्ये तो चौथा आहे, मी आधी घेते.

मेसेज म्हणतो: "प्लास्टिक जाळलं की कायमचं संपतं. सरकार स्वतः सिमेंट कारखान्यात जाळतं, मग आपण बंबात का नको? राख झाडांना घाला, उत्तम खत."

सिमेंट कारखान्याचं खरं आहे. तिथं निवडलेलं प्लास्टिक भट्टीत इंधन म्हणून वापरतात. पण त्या भट्टीत मालच सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापतो, ज्वाळा त्याहून कितीतरी तप्त, आणि धूर बराच वेळ त्या उष्णतेत राहतो. आता आपला बंब बघा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. पाणी उकळलं तरी शंभर अंशांवर जात नाही, म्हणजे नळीची भिंत जाळाच्या मानाने गारच. धुरातली उष्णता ओढून पाण्याला द्यायची, हेच बंबाचं काम. म्हणजे प्लास्टिकचा धूर पुरता जळायच्या आत थंड करणारं भांडं हवं असेल तर बंबाइतकं चोख भांडं सापडणार नाही. नळीच्या आत आणि वरच्या धुराड्याला जी तेलकट काजळी धरते, ते न जळलेलं प्लास्टिकच आहे. आत्याच्या बंबावर ती बोट फिरवलं तर निघत नव्हती, चिंचेनं घासूनही निघाली नाही.

दुधाच्या पिशवीत क्लोरीन नसतं, त्यामुळे तिचा धूर त्यातल्या त्यात कमी विषारी, हे मी मान्य करते. पण कमी म्हणजे किती? काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि बेंझीन त्या धुरातही असतंच, आणि तो नाकाशी येतोय चार वर्षांच्या पोराच्या. शिवाय पाटीत नुसत्या पिशव्या कुठे होत्या? हिरवा पाईप पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचा. गोळ्यांच्या पाकिटाचा पारदर्शक भाग बहुतेक वेळा पीव्हीसीचा. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असतं. ते अर्धवट जळलं आणि धूर अडीचशे ते साडेचारशे अंशांच्या मधून थंड होत गेला की काजळीच्या कणांवर डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं.

डायॉक्सिन म्हणजे काय हे माझ्या शब्दांत नको. जागतिक आरोग्य संघटनेचं त्यावर एक साधं माहितीपत्रक आहे, कुणालाही वाचता येतं. त्यात म्हटलंय की डायॉक्सिन नष्ट करायला ८५० अंशांच्या वर तापमान लागतं, आणि साठा मोठा असेल तर हजार अंश किंवा जास्त. शरीरात गेलेलं डायॉक्सिन निम्मं व्हायला ७ ते ११ वर्षं जातात. त्यातला सगळ्यात घातक प्रकार माणसात कॅन्सर करतो, असं याच संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९७ मध्येच ठरवलंय. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट: माणसाच्या शरीरात जाणाऱ्या डायॉक्सिनपैकी ९० टक्क्यांहून जास्त अन्नातून जातं, मुख्यतः मांस, दूधदुभतं आणि मासे यांतून. कारण ते चरबीत साठतं.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आत्याचं परस होतं. बंबापासून दहा पावलांवर गोठा आहे. धूर जातो तो वैरणीच्या गंजीवर. म्हैस ती वैरण खाते, ते तिच्या दुधाच्या स्निग्धांशात उतरतं, आणि साय नातवाच्या भातावर. राख उकिरड्याशी टाकतात, तिथं कोंबड्या दिवसभर उकरतात, आणि अंडी घरातच खातात. राख "उत्तम खत" म्हणून कढीपत्त्याच्या बुडात घालायला सांगणाऱ्या माणसाला मला विचारायचंय, जुन्या पीव्हीसीत शिसं घालत असत हे तुला माहीत होतं का? लाकडाची, शेणीची राख झाडाला जरूर घाला. प्लास्टिकची राख घालू नका, भांडी घासायला तर अजिबात घेऊ नका.

सांगली जिल्हा दुधावर जगतो, म्हणून हे मी इतकं ताणून लिहितेय. उघड्यावर कचरा जाळला तर राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये ५,००० रुपये दंड ठरवलाय आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. पण दंड राहू दे बाजूला. पोराच्या छातीसाठी तरी थांबा.

आत्याचं एक म्हणणं मात्र मला खोडता आलं नाही. "मग टाकू कुठं? घंटागाडी आमच्या वस्तीवर येत न्हाई. ओढ्यात टाकू का?" बरोबर आहे तिचं. सरकारच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशव्या परत घेण्याची व्यवस्था कागदावर होती. तिच्या वस्तीपर्यंत ती कधी आली नाही. ज्या बाईच्या दारात गाडीच येत नाही तिला नुसतं "जाळू नको" म्हणणं अर्धवट आहे. त्यावर आम्ही काय केलं ते शेवटी सांगते.

आता बाकीचे मुद्दे.

"कापडी पिशवी प्लास्टिकपेक्षा हजारपट वाईट, डेन्मार्क सरकारचा अहवाल." हा मुद्दा लोकांना पटतो, कारण अहवाल खरा आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ मध्ये तो काढला आणि त्यात साधी सुती पिशवी ७,१०० वेळा वापरली तरच प्लास्टिकच्या पिशवीशी फिटंफाट, असा आकडा आहे. पण पुढची पानं मेसेज लिहिणाऱ्यानं वाचली नाहीत किंवा मुद्दाम लपवली. तो ७,१०० चा आकडा ओझोनच्या थराच्या हिशेबातून आला. नुसता हवामानबदल धरला तर त्याच अहवालात तो ५२ आहे. आठवड्याच्या बाजाराला एकदा पिशवी नेली तर वर्षभरात फिटली! शिवाय ती पिशवी नव्या कापसाची धरलीय, आणि प्लास्टिकची पिशवी घरी कचऱ्याच्या डब्यात घालून नंतर रीतसर भट्टीत जाते असं धरलंय. रस्त्यावर उडणारी पिशवी त्यांनी हिशेबात घेतलीच नाही, कारण त्यांच्याकडे ती फारशी उडत नाही. आपल्याकडे काय होतं ते २०१९ च्या महापुरानंतर सगळ्या सांगलीनं पाहिलंय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पूर पिशव्यांमुळे आला असं मी म्हणत नाही. पण पाणी उतरल्यावर काठच्या बाभळींवर पूर किती उंच चढला होता ते लोंबणाऱ्या पिशव्यांवरून कळत होतं.

माझी बाजाराची पिशवी आईच्या नऊवारीची आहे. तिच्यासाठी कापूस नव्यानं पिकवला गेला नाही. जुनं लुगडं, धोतर, पँटचे पाय, यांच्या पिशव्या शिवणं आपल्या घरांत पूर्वीपासून आहे, आणि डेन्मार्कचा हिशेब तिला लागू होत नाही. हां, लग्नात, सत्कारात, दुकानाच्या उद्घाटनात छापील नव्या पिशव्या वाटतात आणि घरोघरी त्यांचा ढीग होतो, तिथं तो अहवाल बरोबर बोलतोय. आणि त्यातली अर्धी तर कापड नव्हेच. नॉन-वोव्हन म्हणून मिळणारी, हाताला कापडासारखी लागणारी पिशवी पॉलिप्रॉपिलीनची असते. तेही प्लास्टिकच.

"एलईडीत पारा असतो, जुना पिवळा बल्ब नैसर्गिक." पारा सीएफएलमध्ये असायचा, एलईडीत नसतो. साठ वॉटचा पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर वर्षाला सुमारे ११० युनिट, त्याच उजेडाचा नऊ वॉटचा एलईडी १६. पुढे बोलण्यासारखं काही नाही.

"पत्रावळीसाठी झाडं मरतात, थर्माकोल बरा." पानं तोडली म्हणून झाड मरत नाही. नेहमी मिळणाऱ्या त्या चंदेरी कागदी द्रोणांबद्दल मात्र सावध राहा. कागदावर प्लास्टिकसारखा मुलामा असतो, ना कुजत ना भंगारात जात, आणि जेवणाच्या पंगतीनंतर उष्ट्यासकट ते गुरं चघळतात.

"शंभर कंपन्या ७१ टक्के प्रदूषण करतात, तुमच्या पिशवीनं काय होणार?" हा आकडा २०१७ च्या 'कार्बन मेजर्स' अहवालातला, आणि तो प्रदूषणाचा नाही. १९८८ पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंचा आहे. त्या शंभर म्हणजे कोळसा, तेल आणि वायू काढणाऱ्या कंपन्या, आपली कोल इंडियासुद्धा. त्यातले ९० टक्के वायू त्यांनी विकलेलं इंधन इतरांनी जाळल्यावर निघतात. ते इंधन आपल्या गाडीत आणि आपल्या विजेत जळतं. कंपन्यांवर आणि सरकारवर दबाव हवाच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण आत्याच्या परसातला धूर कुठल्याही तेल कंपनीनं काढलेला नाही. तो थांबवायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

तर आम्ही असं केलं. खताचं रिकामं पोतं बंबाशेजारी खिळ्याला अडकवलं. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लोंबता ठेवायचा, नाहीतर तो नखाएवढा तुकडा कधीच कुणी उचलत नाही. मग पिशवी विसळायची, ते पाणी म्हशीच्या आंबोणात, आणि पिशवी दोरीवर वाळत. पोतं भरलं की महिन्याकाठी मी सांगलीला आणते. आमच्या गल्लीतला भंगारवाला स्वच्छ, वाळलेल्या पिशव्या वजनावर घेतो, ओल्या आणि वास मारणाऱ्या घेत नाही. गोळ्यांची पाकिटं त्याला नकोत. ती मी महापालिकेच्या गाडीत सुक्या कचऱ्यात देते. बंबाला पाचट, नारळाच्या सोडणी, दाणे काढलेली मक्याची कणसं.

काल आत्याचा फोन आला. पोतं निम्मं झालंय म्हणाली. हिरव्या पाईपचा तो तुकडा आतोबांनी म्हशीच्या दाव्यात ओवलाय. आता दावं गळ्याला काचत नाही.