विराट कापली ते बरंच झालं

'विराट' या नौदलाच्या जुन्या विमानवाहू जहाजाचा विषय निघाला की आमच्या निवृत्त नौसैनिकांच्या ग्रुपवर अजूनही जुंपते. म्युझियम करायला हवं होतं, आपल्याकडे कशाचीच कदर नाही, वगैरे. मी तिच्या बॉयलर रूममध्ये, म्हणजे जहाज चालवणारी वाफ बनते तिथे, उमेदीची वर्षं काढली, चीफ होऊन बाहेर पडलो. आणि माझं मत आहे की कापली ते बरंच झालं. शिव्या घालायच्या तर घाला, पण आधी पूर्ण वाचा.

खरं तर म्युझियम होण्यात माझाच फायदा होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निवती रॉकजवळ विराट उभी करण्याच्या ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. मी मालवण तालुक्यातला, निवती आमच्याच किनारपट्टीवर. गावात गेलो की जो तो विचारायचा, "रे, तुझी बोट आमच्याकडे येतली मां?" एकाने तर होमस्टेच्या खोल्या कुठे काढायच्या तेही ठरवून टाकलं होतं. मी हो ला हो करायचो, पण डोळ्यांपुढे जुनी विक्रांत असायची, आपलं आधीचं विमानवाहू जहाज.

ती १९९७ मध्ये निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षं लोकांनी ती म्युझियम म्हणून पाहिली, २०१२ मध्ये धोकादायक झाली म्हणून बंद केली, २०१४ मध्ये विकली आणि मुंबईतच दारुखाना भागात, जिथे जहाजं तोडतात तिथे, तोडली. चालत्या जहाजावर शेकडो माणसं रोज गंज खरवडतात, रंग मारतात, गळती शोधतात, शिवाय ठरावीक काळाने ड्राय डॉक असतो, म्हणजे जहाज कोरड्या गोदीत घेऊन तळाची दुरुस्ती. एवढं करूनही खारं पाणी जिंकायला टपलेलं असतं. माणसं उतरली की संपलंच. ८५२ कोटी कुणीतरी उभे केलेही असते, पण दर पावसाळ्यानंतर खरवडणार कोण, हा प्रश्न आमच्या ग्रुपवरच्या एकाही बहाद्दराने काढला नाही. आणि विराट काही तरुण नव्हती. कील, म्हणजे तळाचा कणा, १९४४ ची. १९५९ मध्ये 'हर्मीस' नावाने ब्रिटिश नौदलात आली, १९८२ च्या फॉकलंड युद्धात त्यांची फ्लॅगशिप, म्हणजे ताफ्याची प्रमुख नौका, होती, १९८७ मध्ये आपल्याकडे आली. तोवरच तिची नोकरी झाली होती म्हणायची!

दुसरं असं की म्युझियम झालं असतं तरी लोकांनी काय पाहिलं असतं? फ्लाइट डेक, विमानं उडायचा चढता स्की-जंप, एखादं सी हॅरियर विमान ठेवलं असतं तर त्याच्यासमोर सेल्फी. खाली कोण उतरणार? शिड्या उतरत बॉयलर रूममध्ये पोचलं की आधी अंगावर यायची ती उष्णता, मग ब्लोअरचा आवाज. बोलणं निम्मं हातवाऱ्यांनी. एका माणसाचे डोळे कायम गेज ग्लासवर, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर. बॉयलरमधलं पाणी फार खाली गेलं तर ट्यूब जळणार, फार वर गेलं तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जाणार. वेग बदलला की त्या हिशेबाने बर्नर लावायचे किंवा काढायचे, हवा जुळवायची. हवा कमी पडली की चिमणीतून काळा धूर, जास्त झाली की पांढरा. दोन्ही वेळा ब्रिजवरून, म्हणजे जिथून जहाज हाकतात तिथून, फोन ठरलेला, आणि त्या फोनवर कुणी कधी "छान चाललंय" असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. फर्नेस ऑइलचा वास कपड्यांतून जात नसे. सुट्टीवर आलो की बायको माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची.

त्यामुळे माझ्यापुरता निरोप जुलै २०१६ मध्येच झाला. तेव्हा विराट स्वतःच्या वाफेवर शेवटची चालली, मुंबईहून कोचीला. परत आली ती टगने ओढून. बॉयलर थंड झालेलं जहाज म्हणजे माझ्या लेखी नुसतं पोलाद.

६ मार्च २०१७ ला मुंबईत डीकमिशनिंगचा, म्हणजे तिच्या निवृत्तीचा, सोहळा झाला. सूर्यास्ताला निशाण उतरलं. मोठेमोठे अधिकारी रडले, मीही कोरडा नव्हतो, खोटं कशाला सांगू. पण लक्षात राहिला तो एक म्हातारा. हर्मीसवर काम केलेले काही ब्रिटिश नौसैनिक खास आले होते, त्यांच्यातला हा स्टोकर, म्हणजे आमच्यासारखाच बॉयलरवरचा माणूस, निघाला. माझं इंग्रजी कामापुरतं, त्याचे उच्चार अगम्य. मी बॉयलर रूम म्हटल्यावर त्याने पहिला प्रश्न केला, तुमच्याकडेही धुरावरून फोन यायचे का? दोघेही पोट धरून हसलो. आजूबाजूचे लोक गंभीर चेहऱ्याने आमच्याकडे बघत होते.

सप्टेंबर २०२० मध्ये तिला तोडायला गुजरातेत अलंगला नेलं. कोरोनाचे दिवस, मी गावीच होतो. चॅनेलवाले 'अखेरचा प्रवास' म्हणून करुण संगीत लावत होते. दोन दिवस मुलांचे फोन, "बाबा, तुम्ही ठीक आहात ना?" मी ठीकच होतो.

मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. अख्खं जहाज वाचवायच्या हट्टात तिचा एखादा तुकडा नीट वाचवा, असं ठासून कुणी म्हटलंच नाही. एका बॉयलरचा पुढचा भाग, गेज ग्लास, बर्नर, ब्रिजवरून वेगाचा हुकूम देणारा टेलिग्राफ, एवढं जमिनीवर छपराखाली मांडा, पोरांना झडपा फिरवू द्या. देखभाल दोन माणसांत होते. आत्ताच्या विमानवाहू जहाजांपैकी विक्रमादित्यवर अजून बॉयलर आहेत, पण नव्या विक्रांतवर गॅस टर्बाइन आलं. वाफेवर काम केलेली आमची पिढी आता गुडघ्यांच्या ऑपरेशनच्या तारखा घेत फिरतेय. जे सांगायचं ते आत्ताच सांगून घ्यावं लागेल.

साताऱ्याचा माझा एक जुना वॉचमेट, एकाच पाळीत काम केलेला, हे ऐकून परवा फोनवर तडकला. "बॉयलर बघायला कोण येणार रे? लोकांना विमानं हवीत." म्हटलं, येऊ देत विमानं बघायला, जाताना आमच्याकडेही डोकावतील. तो म्हणाला, "मग फर्नेस ऑइलचा वास पण ठेव." ते मात्र मला पटलं.