नेब्रास्काचे कोच मोजताना डायरेक्टरही मोजा

अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल संघाच्या हेड कोचची यादी चाहत्यांना तोंडपाठ असते. डेव्हनी, ऑस्बॉर्न, सोलिच, कॅलाहन, पेलिनी, रायली, फ्रॉस्ट आणि आता रूल. पहिले दोघे देव आणि पुढचे सगळे निकामी, असा एकंदर सूर. माझं म्हणणं एवढंच की ही यादी एकटी वाचू नका. शेजारी ॲथलेटिक डायरेक्टरांची यादी ठेवा, म्हणजे विद्यापीठात क्रीडा विभाग चालवणारा, कोच नेमणारा आणि काढणारा माणूस. पीडरसन यांनी सोलिचना काढलं. पीडरसन यांनी आणलेल्या कॅलाहनना ऑस्बॉर्न यांनी काढलं. ऑस्बॉर्न यांच्या पेलिनींना आयकहॉर्स्ट यांनी, आयकहॉर्स्ट यांच्या रायलींना मूस यांनी आणि मूस यांच्या फ्रॉस्टना अल्बर्ट्स यांनी. पाच हकालपट्ट्या झाल्या, आणि ज्याने नेमलं त्यानेच काढलं असं एकदाही झालेलं नाही.

लिंकनमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या गावात, जे बिघडलं त्याचं मूळ मला इथे दिसतं. कोच वाईट होते की नाही हा नंतरचा प्रश्न.

आधी जुना काळ, झटपट. १९११ ते १९१५ या काळात जंबो स्टीम नावाच्या कोचने ३५ सामने जिंकले, २ हरले, ३ बरोबरीत सोडवले. इंडियानाने जास्त पगार दिला आणि तो तिकडे गेला. डॅना बायबल १९३६ नंतर टेक्ससला गेले. बिफ जोन्स यांनी १९४१ च्या जानेवारीत रोझ बाऊल गाठून दिला (बाऊल म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना) आणि तिथे स्टॅनफर्डने हरवलं. पुढची वीस वर्षं जवळपास कोरडी. शेवटी बिल जेनिंग्ज यांचे ५ हंगाम: १५ विजय, ३४ पराभव. १९५९ साली ओक्लाहोमाला हरवलं हीच काय ती त्यांची जमेची बाजू.

मग १९६२ मध्ये वायोमिंगहून बॉब डेव्हनी आले. पहिल्याच हंगामात ९ विजय. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरपासून मेमोरियल स्टेडियमची सगळी तिकिटं विकली जायला लागली, ती मालिका अजून तुटलेली नाही. मधे संघ कसा खेळला ते पाहिलं तर हा प्रेक्षक कोणत्या मातीचा आहे कळेल.

आता १९६७ आणि १९६८ नीट बघा. दोन्ही वर्षी ६ विजय, ४ पराभव. १९६८ चा शेवट ओक्लाहोमाकडून ४७-० असा. लोक खवळले होते. पण डेव्हनी १९६७ पासून स्वतःच ॲथलेटिक डायरेक्टरही होते! त्यांना काढणार कोण? त्या मोकळ्या वेळेत त्यांनी आक्रमणाची नवी रचना तरुण टॉम ऑस्बॉर्नकडे सोपवली आणि १९६९ पासून संघ आय-फॉर्मेशनवर गेला, म्हणजे चेंडू हाताळणाऱ्या क्वार्टरबॅकमागे धावणारे एका रेषेत उभे. त्याच वर्षी बॉयड एप्लींना ताकदीच्या व्यायामासाठी पगारी नोकरीवर घेतलं. तेव्हा वजनं उचलली की खेळाडू जड आणि संथ होतात असा समज होता, म्हणून डेव्हनींची अट अशी की एकही पोरगा संथ झाला तर नोकरी गेली. कोणी संथ झालं नाही. १९७० आणि १९७१, दोन्ही वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद.

ऑस्बॉर्न १९७३ साली हेड कोच झाले ते आतूनच. २५ हंगाम, २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी, एकाही वर्षी ९ पेक्षा कमी विजय नाहीत. हे आकडे सगळे फेकतात. पण १९७३ ते १९७७ ओक्लाहोमाकडून सलग पाच पराभव झाले हे कोणी सांगत नाही. १९७८ मध्ये १७-१४ असं एकदाचं हरवलं, तर लगेच ऑरेंज बाऊलमध्ये पुन्हा त्यांच्याशीच गाठ पडली आणि हरले. त्या हिवाळ्यात ऑस्बॉर्न कोलोरॅडोला जायच्या बेतात होते. आजच्या हिशेबाने हा माणूस चौथ्या वर्षीच घरी गेला असता. तो टिकला, कारण वर डायरेक्टरच्या खुर्चीत डेव्हनी बसले होते आणि १९९२ संपेपर्यंत बसून राहिले. ज्याने निवडलं तोच वरिष्ठ, आणि त्याने स्वतः दोनदा ६-४ पाहिलेलं.

या स्थैर्यातून काय उभं राहिलं ते महत्त्वाचं. नेब्रास्का हे जेमतेम वीस लाख वस्तीचं राज्य. व्यावसायिक संघ नाही, वरच्या दर्जाचा दुसरा कॉलेज संघही नाही. मग गावोगावची दणकट पोरं स्कॉलरशिपशिवाय, स्वतःची फी भरून संघात येत. त्यांना वॉक-ऑन म्हणतात. स्कॉलरशिपची मर्यादा १०५ वरून ९५ आणि १९९४ पर्यंत ८५ वर आली, तशी या फुकट फौजेची किंमत वाढत गेली. संघात दीडशेच्या आसपास खेळाडू असत. इतक्यांना सराव कसा देणार? ऑस्बॉर्न एकाच वेळी मैदानावर चार ठिकाणी सराव लावत. बाकी ठिकाणी तिसऱ्या-चौथ्या फळीतला पोरगा कडेला उभा राहून बघतो. इथे तोही रोज खेळी खेळत होता. तीन-चार वर्षांनी पहिल्या फळीतला लाइनमन, म्हणजे समोरच्याला अंगाने अडवणारा, पदवी घेऊन गेला की मागचा तयारच असे.

शिवाय प्रशिक्षकही तेच ते. लाइनमन शिकवणारे मिल्ट टेनोपीर १९७४ पासून, बचावाचे चार्ली मॅकब्राइड १९७७ पासून. १९८८ ते १९९४ च्या दरम्यान सलग सात बाऊल सामने हरले, त्या काळात माणसं बदलली नाहीत, बचाव बदलला. पाच जणांच्या पुढच्या फळीऐवजी चार, आणि प्रत्येक जागी एक पायरी जास्त चपळ खेळाडू: सगळ्यात मागे सेफ्टी खेळणाऱ्याला मधल्या फळीतला लाइनबॅकर केलं, लाइनबॅकरला पुढच्या फळीच्या टोकाला, एंडला आणलं. फळ म्हणजे १९९४, १९९५ आणि १९९७ ची अजिंक्यपदं. शेवटच्या पाच हंगामांत ६० विजय, ३ पराभव. डाग आहेतच. १९९५ मध्ये मैत्रिणीला मारहाण करणाऱ्या लॉरेन्स फिलिप्सला ऑस्बॉर्न यांनी त्याच हंगामात परत खेळवलं, आणि ते मला आजही पटत नाही.

आता नेब्रास्काची ऑप्शन, म्हणजे समोरच्याची हालचाल बघून चेंडू कोणाकडे ते ठरवायची खेळी. ती समजली नाही तर २००४ समजत नाही. ट्रिपल ऑप्शनमध्ये समोरच्या फळीतल्या एका बचावपटूला मुद्दाम मोकळं सोडतात. तो आत घुसला तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवतो, थांबून राहिला तर सरळ मधून घुसणाऱ्या फुलबॅकच्या पोटात देतो. चेंडू ठेवून बाहेर पळताना दुसरा मोकळा बचावपटू समोर येतो; तो क्वार्टरबॅकवर आला की चेंडू शेजारून धावणाऱ्याकडे उडवायचा. म्हणजे दोघांना कोणी हातही न लावता खेळातून बाहेर काढलं, आणि त्यांना अडवणारे आपले दोघे इतरांवर सोडायला मिळाले. यासाठी लाइनमन बुटके-जाड असले तरी चालतात, पण खालून उसळून पुढे घुसणारे हवेत. क्वार्टरबॅक पायांनी आणि डोक्याने तल्लख हवा, हात बेताचा असला तरी निभतं. रिसीव्हरचं, म्हणजे एरवी पास झेलणाऱ्याचं, मुख्य काम ब्लॉक करणं. अशा संघाने १९९६ च्या फिएस्टा बाऊलमध्ये फ्लोरिडाविरुद्ध नुसतं धावून ५२४ यार्ड काढले.

सोलिच यांनी १९९८ पासून हेच पुढे चालवलं. ५८ विजय, १९ पराभव, २००१ मध्ये एरिक क्राउचला हाइजमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा किताब. पण आतून पोखरायला सुरुवात झाली होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. बिग ट्वेल्व्हने, म्हणजे नेब्रास्का तेव्हा ज्या गटात खेळायचा त्याने, शैक्षणिक निकष अर्धवट पुरे करणाऱ्या खेळाडूंवर मर्यादा घातली होती, मॅकब्राइड निवृत्त झाले, कोलोरॅडोने ६२-३६ असं झोडपलं आणि २००२ चा हंगाम ७-७ असा संपला. सोलिच यांनी प्रशिक्षक बदलले, बो पेलिनींना बचावाला आणलं आणि २००३ ला ९ जिंकले, ३ हरले. तेवढ्यात नव्या डायरेक्टरने, पीडरसन यांनी, त्यांना घालवलं.

काढणं एक वेळ समजू. पण हातात दुसरा माणूस नसताना काढलं! शोध पाच-सहा आठवडे चालला, खेळाडूभरतीचा मोक्याचा काळ वाया गेला आणि जानेवारीत आले कॅलाहन, व्यावसायिक फुटबॉलमधून, छोट्या पासवर चालणारं वेस्ट कोस्ट आक्रमण घेऊन. फिरकीवर बांधलेली टीम हिरव्या खेळपट्टीवर उतरवावी तसा प्रकार. पुढे घुसायला शिकलेल्या लाइनमनना आता मागे सरकत, हात लांब ठेवून पासचं रक्षण करायचं होतं; पायांची सवयच उलटी. ऑप्शनसाठी आणलेल्या जो डेलीने त्या हंगामात १९ इंटरसेप्शन फेकले, म्हणजे १९ पास समोरच्यांच्या हातात दिले. ५ विजय, ६ पराभव, १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम, आणि ३५ वर्षांची बाऊलची मालिका खल्लास. एका वर्षी साधारण २५ नवे खेळाडू घेता येतात. ८५ जणांचा संघ नव्या पद्धतीचा व्हायला तीन-चार वर्षं लागतात, म्हणजे कोच काढण्याची वेळ येते बरोबर तेव्हा. २००७ मध्ये पीडरसन यांनी कॅलाहनचा करार वाढवला आणि महिन्याभरात पीडरसनच गेले. त्या हंगामात कॅन्ससने ७६ गुण चोपले.

डायरेक्टर म्हणून परतले ऑस्बॉर्न. मधल्या काळात ते संसदेत होते आणि २००६ मध्ये गव्हर्नरपदाची पक्षांतर्गत निवडणूक हरले होते. या राज्यात देवही निवडणूक हरतो, असो. त्यांनी पेलिनींना आणलं. सात हंगाम, दर वर्षी ९ किंवा १० विजय. पण मोठ्या सामन्यात अब्रू जायची: २०१२ च्या बिग टेनच्या (नव्या गटाच्या) अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनकडून ७०-३१, २०१४ मध्ये त्यांच्याच मेल्व्हिन गॉर्डनने एकट्याने ४०८ यार्ड काढले. तोंडही फटकळ. आयकहॉर्स्ट यांनी २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस काढलं, तेही आयोवाला ओव्हरटाइममध्ये हरवल्यानंतर. माझ्या मते पाचांतला हा सगळ्यात महागडा निर्णय. सोलिचच्या वेळी घसरण तरी दिसत होती. पेलिनींचा संघ ना चढत होता ना उतरत होता, आणि २०११ पासून बिग टेनमध्ये गेल्यामुळे टेक्ससमधली भरतीही आटत होती. अशा वेळी ९ विजय हे कोचचं अपयश की परिस्थितीचा कमाल भाव, हे तपासायला हवं होतं. पुढे रायलींचे तीन हंगाम: १९ विजय, १९ पराभव. गडी सज्जन, पण त्यांना निवडणारे आयकहॉर्स्ट तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीलाच गेले, मग कोच कोणाच्या भरवशावर टिकणार?

फ्रॉस्ट म्हणजे १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडासोबत १३-०. ही निवड तेव्हा कोणीही केली असती. आज शहाणपण शिकवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. १६ विजय, ३१ पराभव. २०२१ चे नऊही पराभव एका आकडी फरकाने. याला नशीब म्हणणाऱ्यांनी २०२२ चा डब्लिनचा सामना पुन्हा बघावा. तिसरा क्वार्टर, नॉर्थवेस्टर्नवर २८-१७ आघाडी, संघ रंगात, आणि फ्रॉस्ट ऑनसाइड किक मागवतात, म्हणजे चेंडू आपणच परत पकडायचा म्हणून आखूड मारलेली किक. समोरच्याला चेंडू ऐन मध्यावर आयता मिळाला, ३१-२८ ने हरले. जवळचे सामने असे जातात: स्पेशल टीम, पेनल्टी, चुकीच्या वेळचा जुगार.

पैशाचंही बघा. मूस यांनी २०१९ मध्ये फ्रॉस्टचा करार २०२६ पर्यंत वाढवला होता, तोवर एकही विजयी हंगाम नसताना. अल्बर्ट्स यांनी २०२१ मध्ये पगार कमी करून घेतला आणि बायआउट (मुदतीआधी काढलं तर द्यायची रक्कम) १ ऑक्टोबर २०२२ पासून दीड कोटी डॉलरवरून निम्मा होईल अशी सोय केली. आणि मग जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ हरल्यावर ११ सप्टेंबरलाच काढलं. तीन आठवडे थांबले असते तर ७५ लाख डॉलर वाचले असते. उरलेला हंगाम मिकी जोसेफ यांनी हंगामी कोच म्हणून सांभाळला.

आता मॅट रूल. ८ वर्षं, ७ कोटी ४० लाख डॉलर. टेम्पलला पहिल्या वर्षी २-१०, तिसऱ्या वर्षी १०-४. बेलरला १-११ आणि तिसऱ्या वर्षी ११-३. लिंकनला ५-७, मग ७-६ आणि २०१६ नंतरचा पहिला बाऊल, यँकी स्टेडियमवर. पण निवडणारे अल्बर्ट्स २०२४ च्या मार्चमध्ये टेक्सस ए अँड एमला निघून गेले आणि दोन्ही कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमण आणि बचाव सांभाळणारे, दोन वर्षांत बदलले. जुना साचा पुन्हा उघडलाच होता. फरक एवढाच की नवे डायरेक्टर ट्रॉय डॅनन यांनी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये वारशात मिळालेल्या कोचचा करार २०३२ पर्यंत वाढवला. पीडरसन यांनी कॅलाहनचा वाढवला होता तेव्हा काय झालं ते वर आहेच, त्यामुळे मी लगेच पेढे वाटत नाही.

ज्यांना ऑस्बॉर्नचा काळ परत हवा आहे त्यांच्यासाठी एक आकडा. २०२५ पासून संघात एकूण खेळाडूच १०५, वॉक-ऑन धरून. चार ठिकाणचा सराव, दीडशे पोरं, चार वर्षं मागे थांबणारा लाइनमन हे सगळं त्या मर्यादेत बसत नाही, आणि थांबायला सांगितलं तर तो पोरगा ट्रान्सफर पोर्टलमधून दुसरीकडे जातो. मिळण्यासारखी एकच जुनी गोष्ट उरली आहे: कोच आणि डायरेक्टर पाच-सहा वर्षं एकाच जागी. पुढच्या वेळी आयोवाकडून हरल्यावर ‘रूल हटाव’ लिहायच्या आधी डॅनन कुठे चाललेत का, ते बघा.