चारमिनारच्या रुपयाला चिंच लावायच्या आधी वाचा

आपल्या नांदेड-परभणीकडं व्हॉट्सॲपवर मेसेज फिरायलाय की निजामाचा चारमिनारवाला चांदीचा रुपया चिंचेनं घासून लख्ख करा, ग्रेड (नाण्याची अवस्था बघून तज्ज्ञ देतात तो आकडा) वाढतो, अन् ग्रेडचा आकडा मोठा म्हणजे नाणं देखणंच. दोन्ही चूक आहे.

ग्रेड 1 ते 70 मधी देतात, त्यात मुख्य बघतात झीज किती, ओरखडे किती, टाकसाळीतली मूळ चमक टिकली का. देखणेपणा त्यात धरतात पण सगळं त्याच्यावर नसतं, म्हणून 65 चं नाणं डागाळलेलं दिसू शकतं अन् 63 च्या नाण्यावर निळसर-सोनेरी झाक अशी बसलेली असते की जाणकार त्यालाच जास्त पैसे मोजतात. एनजीसी ही नाणी तपासून ग्रेड देणारी अमेरिकन कंपनी तर अशा नाण्याला आकड्यासोबत चांदणी देते.

आणि घासलेलं असलं तर बहुतेक वेळा आकडाच मिळत नाही, 'डिटेल्स' (म्हणजे खोट असलेलं नाणं) अन् साफ केल्याचा शेरा येतो. चांदीवरची ती झाक, काळपट असो की निळसर-सोनेरी, हवेतल्या गंधकानं वर्षानुवर्षं चढलेली असते हो, चिंचेनं गेली की तशी परत येत नाही!

आजीच्या गाठोड्यात रुपया सापडला तर फक्त कडेला धरा, कोरडा ठेवा, पीव्हीसीच्या (मऊ प्लास्टिकच्या) पाकिटात तर अजिबात नको, त्यानं हिरवट चिकट थर चढतो.