गारगोटीच्या शिरेखाली महासागर नाही

शिमगा झाला की विहिरींचं पाणी खाली जातं आणि आमच्या वाड्यावर तोच मेसेज पुन्हा फिरू लागतो. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: 700 किलोमीटर खोलीवर सगळ्या समुद्रांच्या तिप्पट मोठा महासागर सापडला आहे. त्याचं पाणी खडकांतून वर चढतं. कातळात दिसणाऱ्या पांढऱ्या गारगोटीच्या शिरा या त्याच्या वाटा आहेत. म्हणून शीर दिसेल तिथे बोअर मारा, पाणी कधी आटणार नाही.

यंदा ओळखीच्या एका कुटुंबाने यावर विश्वास ठेवून सोनं गहाण टाकलं. बोअर फेल गेली. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी तो ‘महासागर’. 2014 साली ब्राझीलमधल्या जुइना भागातल्या एका हिऱ्यात रिंगवुडाइट या खनिजाचा बारीक कण मिळाला. त्याच्या वजनात एक टक्क्याहून अधिक पाणी होतं. त्याच वर्षी भूकंपलहरींच्या अभ्यासातून प्रावरणाच्या, म्हणजे भूकवचाखालच्या जाड खडकाळ भागाच्या, 410 ते 660 किलोमीटर खोलीवरच्या थरात असं पाणी पुष्कळ असावं, असं अनुमान निघालं. पण हे पाणी ओतता येत नाही. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जोड्या स्फटिकाच्या रचनेतच अडकलेल्या असतात. त्या दगडाला हात लावला तर तो कोरडाच लागेल.

‘पाणी खडकांतून वर चढतं.’ पंधरा किलोमीटर खाली दाब वातावरणाच्या सुमारे 4000 पट असतो. तिथे पोकळ्या मिटून जातात आणि उरलेलं पाणी कणाकणांच्या सांध्यांत किंवा अभ्रकासारख्या खनिजांत राहतं. जर्मनीत 9,101 मीटर खोल गेलेल्या संशोधन प्रकल्पात भेगांमध्ये पाणी मिळालं हे खरं, पण 4 किलोमीटरवरचं ते पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षाही खारट होतं. नारळीला घालायच्याही लायकीचं नव्हे.

मला खरं वाईट वाटतं ते इथे. खोलातलं पाणी जे काम करतं ते या मेसेजमधल्या महासागरापेक्षा कितीतरी विलक्षण आहे, आणि त्याचा कुठे उल्लेखच नाही. भूकवचाच्या खोल भागात खडकांचे दोन मोठे ठोकळे एकमेकांवरून सरकतात तेव्हा मधला पट्टा मळल्या कणकेसारखा ताणला जातो. त्याला शिअर झोन म्हणतात. गारगोटीच्या स्फटिकात पाण्याचा अंश असला तर ती तापल्यावर फार कमी जोरात वाकते, हे ग्रिग्ज आणि ब्लॅसिक या संशोधकांनी 1965 साली प्रयोगशाळेत दाखवलं. फेल्डस्पार या खडकांत सर्रास असणाऱ्या खनिजाला पाणी भेटलं की त्याचं अभ्रक आणि गारगोटी होते. अभ्रकाचे पापुद्रे एका दिशेने लागतात, पट्टा आणखी निसरडा होतो, हालचाल तिथेच एकवटते, आणि त्या हालचालीने पाण्याला पुन्हा वाट मिळते.

नॉर्वेतल्या होल्सनॉय बेटावर हे उघड्यावर बघता येतं. तिथला ग्रॅन्युलाइट, म्हणजे खोलातल्या उष्णतेत घडलेला कोरडा खडक, सुमारे 93 कोटी वर्षांपूर्वीचा. 43 कोटी वर्षांपूर्वी तो भूकवचाच्या तळाशी गेला. तिथल्या उष्णतेत आणि दाबात त्याचा एक्लोजाइट हा आणखी घट्ट, जड खडक व्हायलाच हवा होता, पण खडक कोरडा होता म्हणून तो तसाच राहिला. ज्या भेगांतून आणि शिअर झोनमधून पाणी शिरलं, तेवढाच भाग बदलला. बदललेल्या पट्ट्यांच्या मधोमध जुन्या खडकाचे ठोकळे अजून शाबूत आहेत. आपल्या शेजारी कर्नाटकात कब्बालदुर्गला करड्या नाइस या पट्टेदार खडकात चार्नोकाइट या कोरड्या खडकाचे गडद डाग दिसतात. भूवैज्ञानिक पिचमुथूंनी 1960 साली ते जगापुढे मांडले. तिथला बदल मात्र नुसत्या पाण्याने नव्हे, तर बहुतांश कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या द्रवाने घडवला, असं मानलं जातं.

आता शिरा. गोव्यातल्या दोनापावलाच्या समुद्रकाठच्या काळपट खडकात त्या कुणालाही दिसतील. तो खडक दोनशे कोटी वर्षांहून जुना, किनाऱ्यावर येण्यापूर्वी खोलात तापलेला आणि दुमडलेला. द्रवाचा दाब वाढला, खडक तडकला, विरघळलेली सिलिका, म्हणजे गारगोटी ज्याची बनते ते द्रव्य, भेगेत साचली, भेग बंद झाली, मग पुन्हा तडकली. पाण्यात सिलिका इतकी कमी विरघळते की बोटभर शीर भरायला तिच्या निदान शेकडो पट पाणी वाहून जावं लागतं. म्हणजे शीर ही पाण्याची वाट होती हे खरंच. पण ती तेव्हाच बुजली. आज ती भरून आलेली जखम आहे.

एक गोष्ट मान्य करायला हवी. शिरेच्या कडेने खडक पुढे कधी भेगाळला असेल तर त्या भेगांत पाणी लागू शकतं, म्हणून काही बोअर लागतातही. पण ते पाणी पावसाचं असतं, आणि पावसाचं म्हणजे आटणारं.

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. सड्यावरच्या सच्छिद्र चिऱ्याच्या दगडात तो मुरतो, खालच्या चिकणमातीवर अडतो आणि पायथ्याशी झर होऊन बाहेर येतो. त्या कुटुंबाच्या घरामागेही असाच सडा आहे आणि खाली जुनी झर गाळाने भरून पडली आहे. येत्या रविवारी आम्ही चौघे-पाचजण फावडी घेऊन तिचा गाळ काढायला जाणार आहोत.