मालकाचे उत्तर: "दहा मिनिटांचे 350 रुपये लुटले" या तक्रारीबद्दल

नमस्कार ताई,

आमच्या डिश बसवणाऱ्या दुकानाला तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. ऐन पावसात टीव्ही बंद पडला, सासूबाईंच्या मालिका बुडाल्या, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण तुम्ही लिहिलंत, "कंपनी मोठी झाली तसा यांना माज आला, दहा मिनिटं डिश फिरवली आणि 350 रुपये लुटले." हे फार लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

डिश फिरवली नाही ताई, जागा बदलली. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो आणि ज्या कंपनीच्या डिश आम्ही बसवतो, तिचे चॅनल ज्या उपग्रहावरून येतात तो लालबागमधून आग्नेयेला येतो. तुमच्या बिल्डिंगला खेटून जो टॉवर चढतोय, तो नेमका त्याच बाजूला आहे. मधे भिंत आली की सिग्नल संपला. आमच्या दुकानातल्या मुलाने आधी जागेवरच नट सैल करून बघितलं, सिग्नलची क्वालिटी शून्य. मग डिश काढून पाण्याच्या टाकीपलीकडच्या कोपऱ्यात नेली, नवीन भोकं पाडून फास्टनर मारले, वायर वाढवली, दोन्ही टोकांना नवे कनेक्टर लावले. त्यानंतर वर हा आणि खाली तुम्ही टीव्हीसमोर फोन धरून, "आलं का? आता आलं का?" तुम्ही मोजलीत ती दहा मिनिटं ही. गच्चीची चावी सेक्रेटरींकडून येईपर्यंत पोरगा जिन्यात बसून होता, ते मी धरतच नाही. 350 रुपयांत वायर आणि कनेक्टरसुद्धा आले. पावतीवर सगळं वेगवेगळं लिहिलंय. रिव्ह्यूमध्ये तुम्ही बंद टीव्हीचा फोटो टाकलात, पावतीचा नाही टाकलात.

पाऊस उघडेपर्यंत माणूस पाठवला नाही, हे खरं आहे. ओल्या कठड्यावर मी कोणाच्या पोराला चढवत नाही, पुढेही चढवणार नाही.

राहिलं कंपनी मोठी होण्याचं. 2003 साली डिश टीव्ही आलं, 2006 साली टाटा स्काय. केबल सोडून छत्री लावा, हे लोकांना पटवायला आमच्यासारखे दुकानदार चाळीचाळीतून फिरले. पावसात चित्र जातं का, भाडेकरूला गच्चीवर डिश लावू देतील का, सगळ्याची उत्तरं आम्हीच दिली. 31 ऑक्टोबर 2012 नंतर मुंबईत सेट-टॉप बॉक्सशिवाय केबल बंद झाली, तेव्हा आमच्या काउंटरवर रांग. 2019 साली ट्रायचे, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाचे, नवे दर आले, तेव्हा माणसं चॅनलच्या याद्या हातात घेऊन यायची आणि 130 रुपये अधिक जीएसटी कशाचे, म्हणून आमच्यावरच ओरडायची. एकेकाला बसवून समजावलं. कंपनी अशी वाढली, ताई. तुम्ही रिचार्ज मोबाईलवरून करता, ते पैसे थेट कंपनीकडे जातात. आता नवीन जोडणी घेणारे कमी झालेत, तरुण मंडळी फोनवरच सगळं बघतात. दुकानाचं भाडं आणि पोरांचे पगार अशाच गच्चीवरच्या कामातून निघतात. नवीन गिऱ्हाईक आधी स्टार बघतं आणि पुढे जातं, म्हणून जीव तुटतो.

कामाचे दर लिहून दुकानात दर्शनी भागात लावतोय, पावसाळ्यापुरता आणखी एक माणूस ठेवायचंही बघतोय.

नव्या जागेवर बसवलेल्या डिशचं चित्र पुन्हा गेलं तर सरळ दुकानात फोन करा, त्या कामाचे परत पैसे घेणार नाही. पावती हरवली असेल तर माझ्याकडे दुसरी प्रत आहे, कधीही येऊन बघा. स्टार तुम्हाला वाटतील तेवढेच द्या, फक्त "लुटले" हा शब्द तेवढा काढा.