कारानसेबेशचे दहा हजार मुडदे कुणी मोजले?

तोच मजकूर पुन्हा फिरायला लागलाय. थोडक्यात असा: ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याचं साम्राज्य म्हणजे डझनभर भाषांचं कडबोळं. सैनिकांना एकमेकांचं बोलणं कळायचं नाही. १७८८ साली कारानसेबेश गावाजवळ दारूवरून त्यांची आपसात जुंपली. अधिकारी 'हाल्ट' (थांबा) ओरडले, ते कुणाला तरी 'अल्ला' ऐकू आलं. तुर्क आले असं समजून लाखभराचं सैन्य रात्रभर स्वतःशीच लढलं आणि दहा हजार माणसं मेली. पुढेही तेच. हुकूम समजत नव्हते म्हणून १८६६ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याकडून मार खाल्ला, पहिल्या महायुद्धात चेक पलटणी बँड वाजवत रशियनांना जाऊन मिळाल्या. १९१८ ला साम्राज्य फुटलं, ज्याच्या त्याच्या भाषेला ज्याचा त्याचा देश मिळाला, आणि मग सगळे सुखी झाले. शेवटी हात जोडलेला इमोजी आणि 'एक देश, एक भाषा'.

आपल्याकडे भाषेचा वाद पेटला की हा मजकूर हटकून वर येतो. गोष्ट चटकदार आहे, ती सांगताना मजा येते हेही खरं. पण एकेक कलम घेऊन बसलं की तिच्यात पाणी किती घातलंय ते दिसतं.

'दहा हजार सैनिक आपसात लढून मेले'

कारानसेबेश आज रोमानियात आहे, तिमिश नदीकाठी. १७८८ च्या सप्टेंबरात सम्राट जोसेफ दुसरा स्वतः सैन्याबरोबर होता आणि तुर्कांपुढून माघार चालली होती. रात्रीची वेळ, अरुंद रस्ते, तोफा-गाडे-जनावरं यांची गर्दी आणि मागून तुर्क येतायत ही धास्ती. त्यात घबराट उडाली आणि गोळ्या सुटल्या, हे खरंच घडलं. खुद्द सम्राटाच्या पत्रात त्याचं वर्णन आहे: सैनिकांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या, गाडे-तंबू उलटेपालटे झाले, तुर्क पाठीवर नव्हते म्हणून वाचलो. नुकसानीच्या यादीत त्याने लिहिलंय ते असं: तंबू गेले, स्वयंपाकाची भांडी गेली, तीन तोफा गेल्या.

भांडी आठवली आणि दहा हजार मुडदे लिहायचे राहून गेले, असा सम्राट असेल का? हा आकडा त्या काळच्या कागदांत नाही. तो विसाव्या शतकातल्या एका चरित्रात उगवतो, तोही कुठून घेतला हे न सांगता. दारूची पिंपं आणि 'हाल्ट-अल्ला' हा सगळा मसाला ज्या जर्मन पुस्तकांतून येतो, ती घटनेनंतर चाळीस-साठ वर्षांनी छापलेली आहेत.

त्या मोहिमेत माणसं हजारोंनी मेली, हे मात्र खरं आहे. बानात प्रांताच्या दलदलीत तळ पडला होता, तिथे हिवताप आणि आमांशाने सैन्य आडवं केलं. वर्षभरात आजाराने गेलेल्यांचा आकडा तीस हजारांच्या पुढे जातो. मच्छराला कुठली भाषा येत होती?

मजकूर लिहिणाऱ्याने पुढचं पान उलटलंच नाही. १७८९ च्या ऑक्टोबरात याच बहुभाषिक सैन्याने तुर्कांकडून बेलग्रेड जिंकलं. सेनापती होता लाउडन, जन्म आजच्या लाटव्हियातला. जर्मन, हंगेरियन, क्रोएट, सर्ब, चेक, सगळे तेच. एका वर्षात सगळ्यांनी एकच भाषा शिकली असं तर झालं नाही. बदलला तो सेनापती, आणि सम्राट आजारी पडून व्हिएन्नाला परतल्यामुळे त्याची लुडबुडही कमी झाली.

'हुकूमच कळत नव्हते'

हे कलम वाचताना मला नेहमी वाटतं, की लिहिणाऱ्याने सैन्य चालवणाऱ्यांना निव्वळ बावळट ठरवलंय. शेकडो वर्षं बहुभाषिक फौज पोसणाऱ्यांना ही अडचण सुचली नसेल?

१८६७ नंतर साम्राज्य ऑस्ट्रिया आणि हंगेरी अशा दोन अर्धांचं झालं. त्यांच्या सामाईक सैन्यात व्यवस्था तीन पातळ्यांची होती. कवायतीचे आणि लढाईतले हुकूम जर्मनमध्ये, पण ते सगळे मिळून ऐंशीच्या आसपास. 'हाब्ट आख्ट' म्हटलं की ताठ उभं राहायचं, एवढं तर गावाकडचा पोरगाही आठवड्यात शिकतो. दुसरी पातळी कचेरीच्या कामाची, तीही जर्मन. तिसरी पातळी सगळ्यांत महत्त्वाची: पलटणीची भाषा. पलटणीतल्या किमान वीस टक्के जवानांची जी भाषा असेल, ती पलटणीची अधिकृत भाषा ठरायची, मग अशा दोन असोत वा तीन. बंदूक कशी साफ करायची, नियम काय, तक्रार कुणाकडे न्यायची, हे सगळं त्या भाषेत शिकवायचं. आणि भाषा शिकायची जबाबदारी जवानावर नव्हती, अधिकाऱ्यावर होती. तीन वर्षांत पलटणीची भाषा आली नाही तर बढती अडायची.

म्हणजे सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मुळीच नाही. १८९९ च्या सुमारास राखीव दलातल्या चेक जवानांनी हजेरीला जर्मन 'हिअर'ऐवजी आपल्या भाषेतलं 'झ्दे' म्हणायला सुरुवात केली, तर त्यांना शिक्षा झाल्या आणि प्रकरण थेट राजकारणात गेलं. एका 'हजर'वरून सरकार इतकं चिडत असेल तर कुठेतरी दुखत होतंच. त्याआधी १८९७ मध्ये पंतप्रधान बादेनी यांनी बोहेमियातल्या (आजच्या चेक देशातल्या) सरकारी नोकरांना जर्मन आणि चेक दोन्ही यायला हव्यात असा हुकूम काढला, तर जर्मनभाषक रस्त्यावर उतरले आणि बादेनींची खुर्ची गेली. साम्राज्याच्या हंगेरियन अर्ध्यात तर शाळांमधून हंगेरियन लादणं चालूच होतं. पण ही भांडणं बघा कशावरची आहेत. भाषा खूप आहेत म्हणून नव्हे, एक भाषा दुसरीच्या डोक्यावर बसवली म्हणून. 'एक देश, एक भाषा' म्हणणाऱ्यांना हा दाखला उलटाच पडतो.

'१८६६ ला भाषेमुळे हरले'

३ जुलै १८६६, क्योनिग्रेत्सची लढाई. ऑस्ट्रियाच्या बाजूचे सुमारे ४४ हजार जवान मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. प्रशियाचे सुमारे नऊ हजार. प्रशियाच्या शिपायाकडे मागून भरायची द्रायझे बंदूक होती. पालथं पडून भरता यायची, आणि ऑस्ट्रियाच्या शिपायाची एक गोळी सुटेपर्यंत हा चार-पाच झाडून मोकळा. ऑस्ट्रियाची लोरेंझ बंदूक तोंडातून ठासायची, त्यासाठी उभं राहावं लागे. त्यात वरून आदेश काय, तर संगिनी लावून दाट रांगेने चालून जा. असा आदेश कितीही शुद्ध जर्मनमध्ये दिला तरी निकाल तोच लागणार होता.

शिवाय जिंकणारे तरी कुठे एकभाषी होते? नाखोद आणि स्कालित्स इथे ऑस्ट्रियाला झोडपणारी प्रशियाची पाचवी कोअर पोझेन भागातली, आणि तिच्यात पोलिश जवान भरपूर. त्याच उन्हाळ्यात इटलीच्या आघाडीवर कुस्तोझा इथे ऑस्ट्रियाचं हेच सैन्य जिंकलं. लिसाच्या समुद्रात टेगेटहोफच्या आरमाराने, ज्यात क्रोएट आणि इटालियन बोलणारे खलाशी खच्चून भरले होते, इटलीच्या आरमाराला धूळ चारली. हे दोन विजय मजकुरात नाहीत, कारण बसत नाहीत.

'चेक पलटणी बँड वाजवत फितूर झाल्या'

ही गोष्ट मुख्यतः प्रागच्या २८ व्या पायदळ पलटणीची. ३ एप्रिल १९१५ रोजी कार्पेथियन डोंगरात, दुक्ला खिंडीच्या बाजूला, या पलटणीचा मोठा भाग रशियनांच्या हाती लागला. सम्राट फ्रान्झ जोसेफने संतापून पलटणच मोडीत काढली. पण तिथली परिस्थिती पाहा: बर्फात काढलेला हिवाळा, थकलेली आणि तुटपुंजी माणसं, बचावाच्या कच्च्या जागा, आणि अचानक अंगावर आलेले रशियन. ठरवून केलेल्या सामुदायिक फितुरीचा पुरावा नंतरच्या चौकशीत उभा राहिला नाही. याच पलटणीची एक तुकडी इटलीच्या आघाडीवर नेटाने लढली, आणि पलटण पुन्हा उभी करावी लागली.

मग अफवा टिकली कशी? कारण ती सगळ्यांच्याच सोयीची होती. जनरल स्टाफचा प्रमुख कोनराड याला नामुष्कीसाठी दुसरं कुणीतरी हवं होतं, जर्मन राष्ट्रवाद्यांना चेकांवर ठपका हवा होता, आणि परदेशात स्वतंत्र चेक राष्ट्राची मागणी करणाऱ्या मासारिकच्या लोकांनाही 'आमचे जवान सम्राटासाठी लढत नाहीत' हे सांगायला बरं पडत होतं. फिर्यादी आणि आरोपी दोघेही एकच साक्ष देत असले तर ती मोडणार कोण?

याच्या उलटं चित्र इसोन्झो नदीवर दिसतं. १९१५ च्या जूनपासून १९१७ पर्यंत इटलीने तिथे अकरा हल्ले चढवले. समोर स्लोव्हेन, क्रोएट, बोस्नियन, हंगेरियन, चेक, आणि त्यांच्यावर क्रोएशियातल्या सर्ब ऑर्थोडॉक्स कुटुंबातला सेनापती बोरोएविच. बाराव्या लढाईत, कापोरेत्तोला, जर्मनीच्या मदतीने यांनी इटलीचीच आघाडी फोडली आणि अडीच लाखांहून जास्त इटालियन कैदी पकडले. इटलीच्या फौजेची अधिकृत भाषा तर एकच होती.

भाषेची व्यवस्था महायुद्धात ढासळली हे मान्य. पण का? पलटणीची भाषा बोलणारे जुने अधिकारी १९१४ च्या पहिल्या काही महिन्यांतच गॅलिशियात आणि सर्बियात कापले गेले. त्यांच्या जागी आलेल्या घाईच्या भरतीला ती भाषा शिकायला तीन वर्षं कुठून मिळणार?

'भाषांमुळे फुटलं'

१९१८ च्या जानेवारीत व्हिएन्नात दररोजचं पीठ माणशी २०० ग्रॅमवरून १६५ वर आणलं. वीनर नॉयश्टाटच्या डाइमलर कारखान्यातले कामगार बाहेर पडले आणि काही दिवसांत लाखोंचा संप झाला. संपाला सुरुवात करणारे जर्मनभाषकच होते. एप्रिलच्या अखेरीला तर साम्राज्याच्या सामाईक अन्नसमितीचा प्रमुख, जनरल लांडवेअर, डॅन्यूबवरून जर्मनीकडे निघालेले रोमानियन धान्याचे पडाव भर प्रवाहात अडवून धान्य उतरवून घेऊ लागला. आपल्याच दोस्ताचं धान्य! हंगेरी आपलं धान्य सहज सोडत नव्हता, कोळसा नव्हता, समुद्राची नाकेबंदी होती. इतकं होऊनही हे सैन्य ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत आघाडीवर उभं होतं. रशियाचा झार त्याच्या दीड वर्ष आधीच गेला होता.

स्वातंत्र्याची मागणीही सुरुवातीपासून नव्हती. १९१७ च्या मे महिन्यात व्हिएन्नाच्या संसदेतले दक्षिण स्लाव्ह (स्लोव्हेन, क्रोएट, सर्ब) सदस्य एकत्र राज्य मागत होते, पण हॅब्सबर्ग मुकुटाखालीच. युद्ध हरल्यावर आणि पोटं रिकामी राहिल्यावर मुकुटाकडून मिळण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा पारडं फिरलं.

'मग प्रत्येक भाषेला देश मिळाला'

नव्या चेकोस्लोव्हाकियात तीस लाखांच्या वर जर्मन होते, स्लोव्हाकांपेक्षा जास्त. पोलंडमध्ये जवळपास दर तिसरा माणूस पोलिश नव्हता. हंगेरीच्या नव्या सीमा ठरवणाऱ्या ४ जून १९२० च्या त्रिआनों करारानंतर तीसेक लाख हंगेरियन हंगेरीबाहेर राहिले. युगोस्लाव्हियाबद्दल वेगळं लिहायची गरज नाही. साम्राज्याच्या क्रोने या चलनाच्या नोटेवर एका बाजूला हंगेरियन, दुसऱ्या बाजूला जर्मन आणि त्याबरोबर आणखी आठ भाषांत रक्कम छापलेली असे. मजकूर पुढे ढकलणाऱ्याच्या खिशातल्या नोटेवर सतरा आहेत.