यादी सप्टेंबरातच हवी

लेखात बीडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी डिजिटल वर्ग सुचवलेत, पण मूल गावातच नसेल तर त्या वर्गात बसणार कोण? ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास मुलांसह कारखान्यांकडे निघतात, म्हणून हंगामी वसतिगृहाची, म्हणजे आईबाप गेले तरी मुलांना गावातच ठेवण्याच्या सोयीची, यादी सप्टेंबरातच तयार हवी. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतली की जाणं पक्कं. तेव्हाच शाळा व्यवस्थापन समितीने घरी जाऊन मुलांना मागे ठेवण्याबद्दल आजी-आजोबांशी बोलावं. वसतिगृहाची मंजुरी डिसेंबरात आली तर पोरं केव्हाच उसाच्या फडावर पोचलेली असतात. थोरल्या मुलीला तर बहुधा नेतातच, कारण कोपीवर (तिथल्या झोपडीत) धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. तिचं नाव यादीत सगळ्यात आधी घ्या! जे जाणारच आहेत त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेला जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून त्यांना अडवता येणार नाही.